कोरं रजिस्टर

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मी इंजिनियर होतो. काम असं, की हातात स्टॉपवॉच घेऊन लोकांच्या मागे उभं राहायचं, कोणाला कशाला किती वेळ लागतो ते टिपायचं आणि कुठली जागा कमी करता येईल ते वर कळवायचं. पुण्याहून चेन्नईला येऊन वर्ष झालं होतं आणि मला माणसं ओळखता येतात असा माझा पक्का समज होता. हे लिहिताना आजही कान तापतात.

गेटजवळच्या टाइम ऑफिसात एक टाइमकीपर होते. पंचावन्नच्या पुढचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर गंध. तंजावरकडचे मराठी; त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे तिकडे जाऊन राहिलेले. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले.

"तुम्ही आमचेच की, सार. जेवण झालं काय?"

तमिळ हेल, जुने शब्द. मी इंग्रजीत उत्तर दिलं. नव्या साहेबाचं कारकुनाशी गूळपीठ आहे असं कुणाला वाटू नये, एवढंच कारण. दुसरं शोधूनही सापडत नाही. ते मात्र मराठीतच बोलत राहिले. होळीला पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आले. पोळ्या मी खाल्ल्या, डबा शिपायाच्या हाती परत पाठवला.

पहिली पाळी सहाला सुरू होई. सहानंतर येणाऱ्याच्या नावापुढे टाइमकीपर रजिस्टरात लाल खूण करत. महिन्यात तीन लाल झाल्या की कंत्राटी कामगाराला गेट बंद. पुन्हा विचारायचं नाही.

आम्ही दोघेही अंबत्तूरहून कंपनीच्या बसने जात असू. सगळ्यांच्या हाती नुकतेच स्वस्त मोबाइल आले होते आणि मिस्ड कॉल फुकट होता. टाइमकीपर साडेचारपासून पहिल्या पाळीच्या लोकांना एकेक रिंग देत. जागा झालेला माणूस उलट एक रिंग देई, की यांच्या कागदावर बरोबरची खूण. उलट रिंग आली नाही तर पुन्हा एक, मग शेजाऱ्याच्या नाहीतर घरमालकाच्या नंबरावर. यादीतल्या उरलेल्यांना बसमध्ये बसल्या बसल्या रिंग द्यायचे. न सांगता त्यांनी मलाही यादीत घेतलं होतं. तिसऱ्या पहाटे माझं डोकं फिरलं. भरल्या बसमध्ये मी म्हणालो, "माझ्याकडे घड्याळ आहे. माझा नंबर काढा. आणि हे रिकामे उद्योग कशाला करता?"

"बरं, सार," ते म्हणाले, आणि पुढचा नंबर लावला. दुपारी जेवताना हा किस्सा मी नकलेसकट सांगितला आणि लोक हसले.

पुढे ऑफिसातल्या जागांची पाहणी माझ्याकडे आली. टाइम ऑफिसात मी दोन दिवस स्टॉपवॉच घेऊन बसलो. दोन्ही दिवस त्यांनी आपल्या थर्मासमधली कॉफी मला दिली. रजिस्टर चाळलं तर पानंच्या पानं कोरी. सहा महिन्यांत लाल खुणा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मोठंच घबाड हाती लागलं असं मला वाटलं. मी लिहिलं: उशिरा येणारे जवळजवळ नाहीत, गेटवरचं हजेरीचं पंचिंग मशीन पुरेसं आहे, काम अगदी सामान्य, कोणीही करू शकेल, जागा अनावश्यक. रोज पहाटे माझ्यासमोर बसून तो माणूस जे करत होता ते आणि ती कोरी पानं, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा गेला.

निवृत्तीला अडीच वर्षं असताना त्यांना घरी बसवलं. शेवटच्या दिवशी "येतों, सार" म्हणायला आले, तेव्हा मी संगणकावरून मानही वर केली नाही.

आता मशीनवरच्या वेळा पाहून लाल खुणा गेटवरचा वॉचमन करी. महिन्याभरात रजिस्टर लाल झालं. एका सकाळी गेटबाहेर पॅकिंगमधली एक बाई उभी होती. नवरा नाही, दोन मुलं. तिसरी लाल झाली होती. मला पाहून ती तमिळमध्ये म्हणाली, "सार, ते रिंग द्यायचे. आता कोण देणार?" तक्रार नव्हती, खरंच विचारत होती. कोऱ्या रजिस्टराचा अर्थ मला तिथे, रस्त्यावर उभं राहून कळला. मी तिच्यासाठी माझ्या वरच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी माझाच अहवाल माझ्यापुढे सरकवला. त्या बाईला परत घेतलं नाही.

रविवारी टाइमकीपरांच्या घरी गेलो. दोन खोल्या. त्यांच्या पत्नीने कॉफी दिली. मी पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोललो. "तुमची जागा माझ्यामुळे गेली. तो अहवाल माझा होता."

"ठाऊक आहे, सार. फाइल माझ्याच हातानं वर गेली."

"वाचली होतीत?"

"वाचलों. खोटं काय होतं त्यांत? रजिस्टर कोरंच होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"रिंग देणें माझं काम नव्हें की." मग ते म्हणाले, "आधीच्या कारखान्यांत एका माणसाची तिसरी लाल मी लिहिलों. त्याच्या घरीं पुढें काय झालं ते पाहिलों. पुन्हा लिहायला नोको म्हणून."

पत्नी मराठीत म्हणाली, "अकरा वर्षं पहिल्या पाळीसाठी चारला उठतात. अत्ता काम नाही, तरी उठून बसतात."

पॅकिंगमधल्या बाईचं त्यांच्या कानावर आलं होतं; तिला परत घेतलं का, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं.  ते आत जाऊन यादी घेऊन आले आणि तमिळमध्ये लिहिलेलं एकेक मला वाचून दाखवलं. नावं, नंबर, शेजाऱ्यांचे नंबर; कुणापुढे 'दोनदा', कुणापुढे 'गुरुवारी पाण्याची लॉरी येते, रिंग आधी'. माझ्या नावावर काट मारलेली होती आणि पुढे तमिळमध्ये काही लिहिलं होतं. मी विचारलं.

"स्वतः उठतात, असं लिहिलों," ते म्हणाले. "अत्ता तुम्ही द्या, सार. पहिली पाळी कोणाची ते मला इथे कळत नाही."

मी नऊ दिवस रिंग दिल्या. साडेचारला उठायचं, नंबर लावायचा, तोडायचा, उलट रिंगची वाट पाहायची, नाही आली तर कुणाच्या तरी घरमालकाच्या शिव्या खायच्या. कोणीही करू शकेल असं मीच लिहून दिलेलं काम. दहाव्या दिवशी गजर झाला, मी तो बंद केला आणि कूस बदलली. डोळे उघडले तेव्हा ऊन आत आलं होतं.

कारखान्यात आठला पोचलो. रजिस्टर उघडून पाहिलं. सहा लाल खुणा होत्या. माझी नव्हती, अधिकाऱ्यांची नावं त्या रजिस्टरात नसत.