मिस कॉलचा मान

मंचरच्या संस्थेतर्फे अंबाबाई घरोघरी अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करायची. पण संस्थेनं मोबाईल दिला तो काल आलेल्या वैजयंतीला! दोघी पेशंटच्या घरी पोचल्या की वैजयंती ऑफिसला मिस कॉल द्यायची. त्यावर कम्प्युटरात दोघींची हजेरी लागायची आणि फोनचा खर्चही वाचायचा. ते बघून अंबाबाईचा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा पिंपरी पेंढारला, म्हाताऱ्या साळुबाईच्या घरी, वैजयंती मोबाईल बाहेरच ठेवून पाणी तापवायला आत गेली. अंबाबाईनं गुपचूप मोबाईलचं बटण दाबलं, पण कट काही केला नाही. शेवटी ऑफिसातल्या साहेबांनी फोन उचलला.

"अहो, पैसे पडतात, ठेवा!"

"पडू द्या. आधी अंबाबाई पोचली म्हनून लिवा."

अंथरुणातली साळुबाई खुदकन हसली. "पोचलीस न्हवं अंबे? मग आता मला कुशीवर वळीव."