नागसेनने बाहेर दिलेले फोटो

नागसेन माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन ब्रह्मपुरीत आले तेव्हा तो शाळेत जात होता. सासूबाई नव्हत्या, म्हणून त्याचा डबा, त्याचा ताप, त्याचे हट्ट सगळे माझ्याकडे आले. पुढे तो गडचिरोलीकडच्या एका वनकार्यालयात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागला. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो संगणकावर पाहायचे, वाघ वेगळे काढायचे, हे त्याचं काम. "वहिनी, मले वाघाचे पट्टे वळखू येते, पण आपल्या गल्लीतले लोक नाई वळखू येत," असं म्हणून हसायचा.

त्याच फोटोंत एकदा वाघाऐवजी खाणीसाठी जमीन पोखरणारं यंत्र निघालं. कार्यालय तर सांगत होतं, तिथं कोणी शिरलंच नाही. साहेबांनी फोटो मिटवायला लावले. नागसेनने ते आधीच पत्रकाराला दिले होते. छापून आले अन् सरकारी गुपित फोडलं म्हणून गुन्हा दाखल झाला. नागसेन आमच्या मागच्या खोलीत येऊन लपला.

आमचे हे सिरोंच्याची जीप ठरवून आले. "गोदावरी ओलांडली का तेलंगण. तिथी माझा दोस्त आहे. दबून राय थोडे दिवस."

"अन् सुकलू?" नागसेननं विचारलं. सुकलू म्हणजे कॅमेरे बांधणारा वनमजूर. त्यानंच फोटो चोरले असा आळ घेऊन त्याला तिकडच्या ठाण्यात बसवून ठेवलं होतं.

"सुकलू तुझा कोण लागते?"

"कोणी नाई. पण त्याले फोनबी धड चालवता येत नाई, दादा, तो काय चोरणार? अन् मी पळालो का म्हणतील, फोटोच खोटे."

"मोठा शहाणा झाला! जा मंग, बस जेलात!"

मला कोणी विचारलं नाही. पण त्यानं पळावं असंच मलाही वाटत होतं. त्या दिवशी पौर्णिमा. पांढरी साडी नेसून मी बुद्धमूर्तीपुढे अष्टशील घेतलं. त्यातलं खोटं न बोलण्याचं शीलही मोठ्यानं म्हटलं, अन् भिंतीपलीकडे तो बसलेला.

मी उठतच होते, तेवढ्यात इथल्या ठाण्यातले हवालदार श्रावणभाऊ दारात आले. ओळखीचेच.

"नागसेन आला का इथी?"

"नाई ना, भाऊ," हे चटकन म्हणाले.

"तुमाले नाई विचारलं. तुमी तर बायकोलेबी खरं सांगत नसाल. बाई, तुमी सांगा. आज पौर्णिमा आहे, तुमी खोटं नाई बोलणार."

हे माझ्याकडे एकटक पाहत होते. मनात आलं, मोडलेलं शील पुन्हा घेता येतं, पोर कुठून आणू?

"नाई आला," मी म्हणाले.

मागच्या खोलीची कडी वाजली. नागसेन समोर येऊन उभा राहिला. "राहू द्या वहिनी. खरं बोल म्हणून मले लहानपणी बदडलं अन् आता तुमीच खोटं काऊन बोलता?" मग हवालदाराकडे वळून म्हणाला, "श्रावणभाऊ, मी येतो. पण पकडून नेऊ नका. मी वकिलाले फोन केला, ते गडचिरोलीच्या कोर्टात थांबले आहेत. मले स्वतःहून हजर होऊ द्या."

श्रावणभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मी मागं मोटारसायकलनं येतो. तू कोर्टात दिसला नाईस तर माझी नोकरी गेली, बाप्पा."

आम्ही तिघं त्याच जीपमध्ये बसलो. गडचिरोलीच्या चौकात जीप हळू झाली, तसे हे ड्रायव्हरला म्हणाले, "कोर्टाकडं नको वळवू. सरळ घे, सिरोंचा!" मी नागसेनचा हात घट्ट धरला. त्यानं तो सोडवून घेतला, दार उघडलं अन् उतरून कोर्टाकडे चालू लागला. मागं वळून पाहिलं नाही.

कोर्टानं त्याला कोठडी दिली. फोटो मीच दिले असं त्यानं सांगितल्यावर सुकलूला त्याच संध्याकाळी सोडलं. जामिनाचं अजून काही नाही. हे म्हणतात, "तू त्याले जाऊ दिलं." मी तर खोटं बोलले, हातही धरला. मी जाऊ दिलं नव्हतं. तो गेला.