दोन सीटची गाडी आणि मंगफमधला नारळ

मंडळी, आज आमची गाडी सुरू झाली!

गाडी नाशिकला, घराच्या पार्किंगमध्ये. वडिलांची लाल स्पोर्ट्स कार, कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मी इकडे कुवेतमध्ये, मंगफच्या फ्लॅटवर एकटा. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावायचा. मी "आधी तो नट सैल करा" म्हणून ओरडायचं आणि बायकोने, मुलीने हात काळे करायचे.

आज पूजा होती. चाकाखाली लिंबू ठेवून बायको म्हणाली, "अहो, नारळ तुम्हीच फोडा. मान तुमचा." मी सकाळीच खालच्या दुकानातून आणून ठेवला होता. किचनच्या सिंकमध्ये फोडला, निम्मं पाणी शर्टावर. तिकडे मुलीने चावी फिरवली आणि इंजिन असं गरजलं की मी एकटाच टाळ्या वाजवत सुटलो.

मग फेरी मारायची ठरली. गाडीला सीटच दोन. मुलगी म्हणाली, "बाबा, तुला डॅशबोर्डवर ठेवते."

गेटपर्यंत गेलो. तिथे घरचं वायफाय संपलं.

आता समोर अख्ख्या नारळाचं खोबरं आहे. मंगफमध्ये आहे का कुणी? प्रसादाला येता?