दर्याजीच्या मागची रिकामी गॅलरी

मला लिहायची सवय नाही, आणि राजरत्नबद्दल लिहायला मीच योग्य माणूस आहे की नाही, तेही ठाऊक नाही. पण मुंबईत भोईवाड्यातल्या चाळीत आम्ही एकाच मजल्यावर वाढलो. त्याच्याइतका तोंडावर बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बसचा कंडक्टर होता. लग्नात जेवून हात धुताना तो यजमानालाच सांगायचा की मठ्ठा खारट झालाय.

लहानपणी आम्ही दोघं ‘शूर दर्याजी’ वाचायचो. दर्याजी म्हणजे गोदीतला हमाल, गुंडांना बदडणारा. ती चित्रमालिका केव्हाच बंद पडली. गेल्या वर्षी एका प्रकाशकाने ती पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि चित्रांचं काम मिळालं राजरत्नच्या मुलीला, दीपिकाला. त्यासाठी तिने चांगली पक्की नोकरी सोडली. त्यावरून बापलेकीत असं वाजलं की कित्येक महिने दोघं एका खोलीत राहून बोलत नव्हती.

अंक छपाईला जायच्या आधी तिने पानं बापापुढे ठेवली आणि म्हणाली, काय चुकलंय ते सांगा. त्याने चष्मा लावून सगळी पानं पाहिली. मग म्हणाला, “छान आहे.” तिने लिखाणाबद्दल विचारलं. तेही छान. मुखपृष्ठ? तेही छान. मठ्ठ्याला न सोडणारा माणूस लेकीच्या चित्रांवर एवढंच बोलला. ती वैतागून पानं माझ्याकडे घेऊन आली. मी पुटपुटलो की मला त्यातलं काय कळतंय.

थोडंफार कळत होतं. लिहिणाऱ्याने दर्याजीची भाषाच बिघडवली होती. आमचा दर्याजी “सरक रे” म्हणायचा आणि ठोसा लगावायचा. हा म्हणतो, “माझ्या मार्गातून दूर हो.” एवढं बोलून होईपर्यंत गुंड माटुंग्याला पोचेल. चित्रं मात्र सुरेख होती. चाळीचे कठडे, जिन्यावरचा उजेड, सगळं जिथल्या तिथे. तरीही काहीतरी खटकत होतं, आणि काय ते मला सापडत नव्हतं.

अंक बाजारात आला. त्या रविवारी मी राजरत्नकडे चहाला गेलो होतो. दीपिकाने अंक माझ्या हातात दिला. मी चार पानं उलटली आणि म्हणालो, छान आहे.

राजरत्न उसळलाच. “काय छान आहे रे, कुशाबा? चाळीत मारामारी चाललीय आणि एक माणूस बाहेर येत नाही? आपल्याकडे दोन मांजरं भांडली तरी अर्धा मजला गॅलरीत असतो.”

मी पुन्हा पानं उलटली. खरंच, सगळ्या गॅलऱ्या रिकाम्या. जुन्या अंकात दर्याजी मार खात असला तरी मागे कुणी कपडे वाळत घालायचं, कुणी कठड्यावरून वाकून त्याला सल्ले द्यायचं. इथे तो एकटाच.

दीपिका कपबशा घेऊन आत निघाली होती, ती तशीच थांबली.

“हे तेव्हा का नाही बोललात, बाबा?”

“पुन्हा अबोला धरला असतास.”

“मला वाटलं, तुम्ही नीट बघितलंच नाही. छान म्हणून मोकळे झालात.”

मला दोघांचाही राग आला, आणि स्वतःचा तर जास्तच. अंक छापून झाला होता. दुसरा निघणार की नाही, ते याच्या खपावर. कुणी एक वाक्य वेळेवर बोललं असतं तर तिने माणसं काढली असती. आता त्या गॅलऱ्या तशाच राहणार.

दीपिकाने कपबशा खाली ठेवल्या आणि बापासमोर बसली. दुसऱ्या अंकाची कच्ची पानं दाखवू का, म्हणून तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. आधी याचंच होऊ दे म्हणाला, आणि माझ्या हातातून अंक ओढून घेतला.

“पान दोन. हा कंदील इथे कशाला?”

“कंदील नाही तो. जिन्यावरचा दिवा आहे.”

“मग दिव्यासारखा काढायचा ना.”