उपासाची गोळी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोचं, रखमाचं, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं.

"सकाळी काही खायचं-प्यायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय," मी म्हणालो.

"मला उपास शिकवता होय? तुम्हालाच दुपारपर्यंत निघत नाही!"

खरंच होतं ते. चतुर्थीला ती चंद्र दिसेपर्यंत नुसत्या दुधावर राहायची, पण मधुमेहाची, साखर उतरवायची गोळी चुकवायची नाही. गोळीनं उपास मोडत नाही, असंच आमच्याकडे सगळे धरून चालतात. ऑपरेशनच्या सकाळीही तिनं घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली. औषध रोजचं झालं की ते औषध वाटतच नाही. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

ऑपरेशनची वेळ पुढे पुढे लांबत गेली. रिकाम्या पोटी त्या गोळीनं रक्तातली साखर फारच उतरली, तिला दरदरून घाम फुटला आणि बोलता बोलता ती गप्प झाली. सलाईनमधून साखर दिली, पण उशीर झाला होता. संध्याकाळी ती गेली. इतकी वर्षं साखर टाळली आणि साखरेवाचून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची धाकटी बहीण दारातच रडायला लागली. तिलाही साखर आहे, आणि तिचंही ऑपरेशन ठरलंय.

"रडणं राहू दे. तुझ्या गोळ्या आण," मी म्हणालो.

"दाजी, आज?"

"आजच."

तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "उपाशी पोटी यातली कुठली घ्यायची नाही?"