पाणघोड्याचं शेपूट

चिंधीमावशीला वाघ बघायचा नव्हता, सिंहही नाही. तिला बघायचं होतं पाणघोड्याचं शेपूट.

कापडाचे प्राणी शिवून दुकानांना द्यायचे हा तिचा धंदा, म्हणून गल्लीतल्या पोरांनी पाडलेलं नाव चिंधीमावशी. पाणघोडा तिला सासूबाईंनी शिकवलेला. त्यांनी तो जन्मात पाहिला नव्हता. पण नावातच घोडा म्हटल्यावर लावलं त्याला लोकरीचं लांब, झुपकेदार शेपूट. मावशीनंही तेच पुढे चालवलं. पुस्तकात बघावं, तर हा बाबा कायम आ वासून समोर उभा. मागची बाजू कोण छापतो?

मग एक दिवस तिची भाची तो पाणघोडा शाळेत घेऊन गेली आणि रडत परत आली. अख्खा वर्ग हसला होता.

"बाई म्हणाल्या, असं शेपूट नसतं. मग कसं असतं, तर त्यांनाही सांगता येईना!"

तेव्हापासून पोरीनं पाणघोड्याला उशाशी घेतलं नव्हतं. मावशीला चैन पडेना. डोळ्यांनी बघून खरं शेपूट लावून देईन, असा तिनं शब्द दिला.

"शेपटासाठी तिकीट काढणारी जगात तू पहिलीच," नवरा म्हणाला.

"हसा हसा. आल्यावर तुम्हालाच लावते एक."

प्राणिसंग्रहालयाच्या फाटकातून आत शिरताच भाचीचा धाकटा भाऊ गोटू उधळलाच.

"मावशी, त्या माकडानं मला दात दाखवले!"

"ओळखलं असेल तुला. चल पुढे."

जिराफ झाला, अस्वल झालं. मावशी मात्र पोरांच्याही पुढे, जवळजवळ पळतच पाणघोड्याच्या तळ्याशी पोचली. कठड्यावरून वाकून बघते तो काय, पाण्यावर नुसते दोन कान आणि दोन नाकपुड्या. बाकीचा सगळा ऐवज पाण्याखाली.

वाट बघून बघून गोटूची भुणभुण सुरू झाली. "वाघाला आता जेवण देतात गं! चल ना!"

"राहू दे, मावशी," भाची हळूच म्हणाली. "जाऊ या."

ते "राहू दे" मावशीला फार लागलं. तिनं कठडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. 'देवा, तूच घडवलंस ना याला? मग जरा पाठ फिरवायला सांग.'

डोळे उघडले तर समोर राखणदार, हातात गवताचा भारा. भारा काठावर पडला आणि तळं उसळलं! पाणी ओघळत तो काळा डोंगर वर आला, थेट त्यांच्याकडे तोंड करून, आ वासून, अगदी पुस्तकातल्यासारखा.

"झालं! इथेही तोंडच!" मावशी करवादली. "अरे राजा, वळ ना!"

राजानं सावकाश गवत खाल्लं. आणि वळला.

"दिसलं!" मावशी ओरडली. "पोरांनो, दिसलं! अगं, एवढंसं! चपटं! उलथन्याएवढं!"

"बाई, मागे व्हा!" राखणदार ओरडला. "मागे व्हा लवकर!"

मावशी उलट आणखी पुढे वाकली. कडेला केस आहेत का, ते बघायचं राहिलं होतं. तेवढ्यात ते शेपूट पंख्यासारखं गरगर फिरू लागलं, आणि त्या पंख्यातून जे शेण उडालं ते थेट मावशीच्या चष्म्यावर.

मग भाची जी हसत सुटली, ती पोट धरून खालीच बसली. मावशीनं चष्मा काढून पुसला.

"केस आहेत," ती म्हणाली. "टोकाला. राठ."

तेव्हा भाचीनं आपल्या पिशवीच्या तळातून हळूच काय काढलं, तर कापडी पाणघोडा! चोरून आणला होता. मावशीनं पर्समधली बारकी कात्री काढली आणि तिथंच, कठड्याशी, कचकन लोकरीचं शेपूट उडवलं.

"आता घरी गेल्या गेल्या खरं लावू. फिरणारं!"

"पण ते दुसरं उडवायचं नाही हं," भाची पाणघोड्याला छातीशी धरत म्हणाली.

कापलेलं शेपूट शोधायला मावशी वळली, तर ते जागेवर नव्हतं. गोटूनं ते चड्डीत मागे खोचलं होतं आणि तो खिंकाळत वाघाकडे दौडत निघाला होता.