मोहाच्या दिवसांतला कोरियन क्लास

मोह पडायचे दिवस होते आणि आमच्या घरात मोबाईल एकच. आई पहाटे मोहफुलं वेचायला जायची, मोबाईल माझ्याकडे राहायचा, कारण सातला माझा ऑनलाइन कोरियन क्लास. परीक्षा पास झाले तर पुण्याच्या कोरियन कंपनीत दुभाष्याचं काम मिळेल, हे एकच खूळ डोक्यात. "कोरियनच काऊन वो? इंग्रजी का मेली?" असं गावातल्या बाया विचारायच्या. विचारू देत, मी कोणाला भीक घालत नाही.

त्या सकाळी क्लासच्या मॅडम तुलना शिकवत होत्या. आपण नामाला 'पेक्षा' चिकटवतो, तसं ते 'बोदा' चिकटवतात. जास्तला 'दॉ', सगळ्यात जास्तला 'जेइल'. सोपं आहे हो, क्रियापदही आपल्यासारखं शेवटी. मॅडमनी वाक्य दिलं, वाघ कुत्र्यापेक्षा मोठा असतो. मी ऐटीत म्हटलं, "होरांगीगा गेबोदा दॉ खॉयो." मॅडम खूश. "आता सांग, तुला जेइल भीती कशाची वाटते?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात स्क्रीनवर गावाच्या ग्रुपचा मेसेज आला. नाल्याकडच्या मोहाखाली वाघ दिसला, तिकडे कोणी जाऊ नका.

आई तिथंच गेली होती. वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला हा निरोप पोचणार कसा? फोन तर माझ्या हातात! मॅडम "हॅलो, हॅलो" करत राहिल्या आणि मी अनवाणी पळाले. बांधावरून "आई वो!" म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडले. ओ नाही. पुन्हा ओरडले, तेव्हा पळसाआडून ती आली, डोक्यावर टोपली, चाल नेहमीचीच. मला रडू फुटलं, आणि तिचा असा संताप आला म्हणून सांगू!

"क्लास सोडून काऊन आली?" उलट तीच खेकसली.

"वाघ होता तिथी! तुले कोण सांगणार होतं?"

"होता त होता. अर्धी टोपली राह्यली ना माही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोबाईल तिच्या टोपलीत ठेवला. तिनं तो काढला आणि माझ्या उशाशी आणून ठेवला.

"वाघ आल्यावर मी का फोन उचलत बसू? राहू दे. माह्यापरीस तुह्याच जास्त कामाचा हाय."

एवढं बोलून ती नाल्याकडे गेली. आणि मी, तिचीच लेक, सात वाजता क्लासला बसले.